पवईच्या ट्रॅफिकमधला अर्धा तास

कांजूरमार्ग (पूर्व),
१८ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
देवेशचा सा. न. वि. वि.

पत्रं लिहायची तुझी सूचना मला पटली. आमच्या वन बीएचकेत फोन वाजला की तो स्पीकरवरच जातो. बाबा तुझ्याशी आंब्याच्या मोहोराबद्दल बोलतात, दिशा शाळेतलं सांगते, रेवती तुझ्या सासूबाईंची चौकशी करते आणि माझ्या वाट्याला ‘बाकी काय?’ एवढंच उरतं. म्हणून अंधेरीला ऑफिसात डबा खाऊन झाल्यावर हे लिहितो आहे. उत्तरही ऑफिसच्याच पत्त्यावर पाठव.

तू विचारलंस म्हणून सांगतो, गिटार सोडलेली नाही. चाळिशीला टेकलेला माणूस चोवीस वर्षांच्या पोराला ‘सर’ म्हणतो याचं तुला हसू येईल, पण आमचे गोरेगावचे यज्ञेश सर भारी कडक आहेत. त्यांचं म्हणणं एकच, रोज अर्धा तास. रविवारी तीन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. आणि वाजवायचं ते मेट्रोनोम लावून, म्हणजे फोनमध्ये टिकटिक सुरू करायची आणि बोटांनी तिच्या मागेपुढे व्हायचं नाही. सध्या मी एकाच कॉर्डशी झुंजतोय. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबून धरायचं असतं. बोट ठणकतं, तारा खरखरतात, पण मागच्या आठवड्यात एकदा सगळ्या तारा स्वच्छ वाजल्या आणि मला वेड्यासारखा आनंद झाला.

हे सगळं कुठे करतो ते मात्र फक्त तुला सांगतोय. घरात मला कुणी अडवत नाही, पण दहा मिनिटं सलग मिळत नाहीत. कंपवातामुळे बाबांना हाताला धरून न्यावं लागतं, दिशाचा गृहपाठ असतो, कुकर असतो. तेव्हा मी एक युक्ती केली. गिटार ऑफिसात ठेवतो असं घरी सांगितलं आणि ती गाडीच्या डिकीत ठेवली. संध्याकाळी सातला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात गाडी लावतो, रेवतीला ‘पवईला अडकलोय’ असा मेसेज टाकतो, आणि मागच्या सीटवर बसून अर्धा तास वाजवतो. फोन फ्लाइट मोडवर असतो, कारण मध्येच कॉल आला की टिकटिक बंद पडते. पवईच्या ट्रॅफिकवर कोणीही विश्वास ठेवतं. मग वर गेलो की रेवती पाण्याचा ग्लास पुढे करते आणि विचारते, दमलास का. तेव्हा थोडी लाज वाटते. पण थोडीच.

रागव, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
देवेश

कुडाळ,
२६ नोव्हेंबर

चि. देवेश यास,
ताईचे अनेक उ. आ.

पत्र वाचून स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले. कॉलेजात असताना जिन्याखाली सिगरेट ओढून बडीशेप चघळत वर यायचास, त्यात आणि यात फरक काय रे? बाबा गिरणीतून सुटले की भजनात पेटी वाजवायला बसायचे, ते निदान सगळ्यांच्या देखत. हौस त्यांची उचललीस, धीटपणा तेवढा राहिला.

पण मेल्या, एक सांगते. तू निवडलेली वेळ ही त्या घरातली सगळ्यात वाईट वेळ आहे. रेवती घाटकोपरच्या पतपेढीतून येते ती सरळ ओट्याशी उभी राहते. बाबांना सातची गोळी दिली की ती लागू पडेपर्यंत कुणीतरी जवळ बसावं लागतं. तुझा अर्धा तास आभाळातून पडत नाही, तो तिच्या वाट्यातून कापून येतो. उघड मागून घे. ती नाही म्हणायची नाही, आणि म्हणालीच तर भांडून घे. चोरून शिकलेलं मला तरी ऐकवू नकोस.

इकडे सासूबाई बऱ्या आहेत, सुपाऱ्या सोलायला बसल्या आहेत. दिशाला पापा.

कान पिळला तरी लोभ तेवढाच असतो, हे तुला माहीत आहे.

तुझी,
ताई

कुडाळ,
९ जानेवारी

चि. देवेश यास,
ताईचे अनेक उ. आ.

सुखरूप पोचले. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, आता हळूहळू वॉकर धरून उभे राहतील. त्यांना कुशीवर वळवताना तू किती जपत होतास तेही मी पाहिलं.

पण तुझ्या घरी राहिले तेवढ्या दिवसांत तू मला एकदाही एकटा सापडला नाहीस. मी चहा टाकायला उठले की तू दूध आणायला निघालास. मी गॅलरीत आले की तुला ऑफिसचा फोन आला.

बाबा भेटायला येईल त्याला एकच सांगत होते, “माझो झील पवईसून उडान इलो.” एवढ्या गर्दीतून पोरगा पापणी लवायच्या आत हजर झाला म्हणे. ते असं म्हणाले की तू दर वेळी मान खाली घालून चहाचे कप उचलायचास. रेवती सांगत होती, कुकर बघायला ती आत गेली तेवढ्यात बाबा एकटेच उठले आणि मोरीच्या उंबऱ्यापाशी पडले; तिने तुला किती फोन केले, पण लागेचना. हे सगळं सव्वासातच्या सुमाराचं. त्या वेळी तू कुठे असतोस हे जगात मला एकटीला ठाऊक आहे.

देवेश, तू खरंच पवईला होतास का?

उत्तर खरं असेल तरच लिही. लोभाचं त्यानंतर बघू.

ताई

कांजूरमार्ग (पूर्व),
१७ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

नव्हतो.

मी खाली गाडीत होतो. त्या दिवशी बोटं एका कॉर्डवरून दुसरीवर न अडखळता जात होती. काचा बंद होत्या. बाहेर गलका ऐकू आला तो कुणाचं तरी पार्किंगवरून भांडण असेल असं वाटलं. मान वर केली तर नंदकिशोर, आमचा वॉचमन, आणि तिसऱ्या मजल्यावरचे दोघं बाबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून बाहेर आणत होते. बाबांचा पाय भलतीकडेच वळला होता. मागे रेवती, अनवाणी. एका हातात बाबांची फाइल, दुसऱ्या हातातला फोन कानाला. ती मलाच फोन करत होती.

मी दाराला हात घातला. आणि ताई, तो मागे घेतला. उतरलो असतो तर त्याच क्षणी सगळं उघडं पडलं असतं, गिटार मांडीवर घेऊन पवईला अडकलेला नवरा. मी सीटवर खाली सरकलो. रिक्षा मिळेपर्यंत ते सगळे गेटशी थांबले होते, हाकेच्या अंतरावर. बाबा कण्हत होते ते बंद काचेतूनही ऐकू येत होतं. रिक्षा गेल्यावरही मी थोडा वेळ थांबलो, पवईहून आलो असं वाटावं म्हणून. मग फोन सुरू केला, कुठल्या हॉस्पिटलात नेलंय तो रेवतीचा मेसेज वाचला, तिथे गेलो आणि जिना धावत चढलो. धाप लागलेली दिसावी म्हणून धावलो.

मला पाहून रेवतीचा जीव भांड्यात पडला. माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, “तरी लवकर आलास रे.”

त्यानंतर गिटारला हात लावलेला नाही. सरांना कळवलं की मला वेळ होत नाही. ते म्हणाले, वेळ नसलेले पहिल्या महिन्यातच जातात, तुम्ही तर टिकला होतात. त्यांना काय सांगणार? गिटार विकून टाकतो आहे. नंदकिशोरने त्या दिवशी मला पाहिलं की नाही हे मला माहीत नाही. तो नेहमीसारखाच सलाम करतो आणि मी त्याच्या नजरेला नजर देऊ शकत नाही.

तुझ्या लोभावर आज हक्क सांगत नाही.

देवेश

कुडाळ,
२३ जानेवारी

चि. देवेश यास,
ताईचे अनेक उ. आ.

तुझं पत्र डबा बाजूला ठेवून दोनदा वाचलं. वाजवण्यात काही पाप नव्हतं. तू खाली सरकलास, ते वाईट केलंस.

रेवतीला सांग. तुझ्या वतीने मी सांगणार नाही, ते माझं काम नाही. पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आणि सांगताना माझं नाव गाळू नकोस. मला नोव्हेंबरपासून माहीत होतं आणि मी हसून कान पिळून गप्प बसले. तेव्हाच तिला एक फोन केला असता तर बाबांजवळ त्या संध्याकाळी कुणीतरी बसलेलं असतं. त्यातली लाज माझ्याही वाट्याला येते.

बाबांना सांगायचं की नाही, ते रेवती ठरवेल. तू नाही.

लोभ आहे, म्हणून तर एवढं लिहिते.

ताई

कांजूरमार्ग (पूर्व),
३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. घरात जागा नाही म्हणून तिला गाडीतच नेलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, मी अनवाणी होते ते तुला दिसलं होतं का. मी हो म्हणालो. मग ती उतरून वर गेली. बोलते ती दिशाच्या शाळेपुरतं आणि बाबांच्या औषधांपुरतं.

तुझंही नाव सांगितलं.

देवेश

कांजूरमार्ग (पूर्व),
१६ फेब्रुवारी

ती. सौ. दर्शनाताईंना,
रेवतीचा सा. न. वि. वि.

तुमचे फोन मी घेतले नाहीत याचा राग मानू नका. किंवा माना, तेही चालेल. तुम्हाला माहीत होतं आणि मला नव्हतं, हे मला फार लागलं.

त्याहूनही लागलं ते माझंच बोलणं. लवकर आलास, असं मी त्याला म्हटलं, आणि पुढे शेजारीपाजारी, पतपेढीत, माझ्या आईकडे, सगळीकडे त्याचं कौतुक सांगत सुटले. भांडी घासताना ते आठवतं आणि कान गरम होतात. लाज त्याला वाटायला हवी हे मला कळतं, तरी ती माझ्याकडेही येतेच.

बाबांना काही सांगितलेलं नाही. ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला पवईची गोष्ट सांगतात. देवेश तिथेच उभा असतो. मी त्यात काही घालत नाही आणि त्याला वाचवतही नाही.

तो गिटार विकायला निघाला होता. एक गिऱ्हाईकही आणलं होतं. मीच नको म्हटलं. विकून तो मोकळा झाला असता आणि आम्ही तसेच राहिलो असतो. मी सांगितलं, रोज सातच्या आत वर यायचं, बाबांना गोळी द्यायची, आणि त्यांच्या पलंगाशी बसून वाजवायचं. टिकटिक लावून, आमच्या सगळ्यांच्या देखत. पहिले काही दिवस त्याला एक सूर धड लागेना. दिशा टकामका बघत होती. बाबांनी मात्र पडल्या पडल्या गादीवर बोटांनी ताल धरला, आणि त्याला म्हणाले की घाई करतोयस.

आता त्या अर्ध्या तासात मी खाली जाते. गाडीची किल्ली मी मागून घेतली आहे. पहिल्या दिवशी मागच्या सीटवर बसले, काचा वर केल्या, आणि पुढे काय करायचं ते सुचेना. त्याच्याकडे निदान चोरून करण्यासारखं काहीतरी होतं. मला काय करायला आवडेल हे लग्नानंतर मला कुणी विचारलं नाही, आणि ताई, मीही स्वतःला विचारलं नाही. नुसती बसून राहिले. थोडी रडले. मग वेळ व्हायच्या आतच वर आले. मला पाहून तो वाजवायचा थांबला. मी ओट्याशी गेले नाही, खुर्चीत बसले. जरा वेळाने त्याने गिटार बाजूला ठेवली, उठला आणि कुकर लावला.

उद्याही खाली जाणार आहे. अजून काही सुचलेलं नाही.

तुमचा लोभ आहे, हे मला माहीत आहे. माझा परत यायला वेळ लागेल. तेवढा वेळ मला द्या.

तुमची,
रेवती