सव्वा महिना झाला म्हणून

शिवराज,

सोंग? टाके दुखतात म्हणून तुला ढकललं, ते सोंग?

सव्वा महिना झाला. तुझ्या आईंनी मला न्हाऊ घातलं, बाळाला स्वतःकडं घेतलं, म्हणाल्या, "आता नवऱ्याच्या खोलीत झोप की." न्हाणं झालं म्हणजे जखमही भरली, असं तुम्हा दोघांना वाटलं. मी कळवळले, तर तू म्हणालास, "बाकीच्या बायकांना न्हाय होत ते!"

माझ्या आईला फोन केला. ती म्हणाली, "मलाबी व्हायचं गं. सांगायचं कुणाला?"

मी बाळंत झाले तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात रडणारा तू मला अजून आवडतोस. हे वाचूनही सोंगच म्हणालास तर सोसणार नाही, म्हणून ही चिठ्ठी तुला देत नाही. बाळाला घेऊन डॉक्टरीणबाईंकडं निघालेय, तिथून अक्कलकोटला, आईकडं. रिक्षा दारात आलीय.

अपेक्षा