शिक्का नसलेलं पुस्तक

बुलढाणा
सोमवार, ९ मार्च २०२६

प्रिय रेवती,

'स. न. वि. वि.' लिहिलं आणि खोडलं. खोडलेलं तुला दिसेलच. नवा कागद घेता आला असता, पण तू मला ओळखतेस, चांगला कागद वाया घालवणं माझ्याच्याने होत नाही.

तू बरी असशील. इथे आतापासूनच ऊन तापायला लागलं आहे. वाचनकक्षाच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांना मी पुन्हा पडदे लावले. तुमच्या वेळचेच निळे. विटून विटून आता राखाडी झालेत. बाहेरचा कडुनिंब मात्र आहे तसाच आहे, फक्त त्याच्या खाली आता दुचाक्या लागतात.

मोठी बातमी म्हणजे ३१ तारखेला मी निवृत्त होते आहे. निरोपाच्या कार्यक्रमात शाल-नारळ नको, असं प्राचार्यांना सांगून ठेवलं. आमचे प्राचार्य वामनराव तुझ्यानंतर आले, तुला माहीत नाहीत. माणूस सरळ आहे, जिभेला मात्र हाड नाही. म्हणाले, "मॅडम, शाल नको तर मग भंगार देऊ का बांधून?"

भंगार म्हणजे माझं कोपऱ्यातलं कपाट. वामनराव रुजू झाल्यापासून ते याच नावाने ओळखलं जातं. मी इथे आले तेव्हा कला महाविद्यालयाचं ग्रंथालय म्हणजे गुळगुळीत कागदाची, परदेशी चित्रांची जाडजूड पुस्तकं, तीही कुलपात. चित्रकाराने स्वतःच्या हाताने एखादं पुस्तक बनवावं, त्यातला कागद, शिवण, घडी, वास हे सगळं मिळूनच त्यातला मजकूर असावा, आणि असं पुस्तक ग्रंथालयाने विकत घेऊन फळीवर ठेवावं, हे इथे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. तू 'हात' हे तुझं पहिलं पुस्तक घेऊन आलीस तेव्हा मलाही पटायला एक दुपार लागली. तू समोर बसून नखं खात होतीस.

त्यानंतर मी थांबले नाही. दर वर्षी भांडून थोडी थोडी पुस्तकं घेतली. संग्रामपूरच्या कडूबाने बारदानाची पानं शिवून केलेलं पुस्तक आहे, उघडलं की सरकीचा वास येतो. निशिगंधाने मलकापूरच्या वाटेवरच्या राजूर घाटाचं पुस्तक केलं आहे. एसटीची तिकिटं चिकटवून केलेली लांबच लांब घडी, ती अशी दुमडली आहे की प्रत्येक वळणावर पुढचा रस्ता दिसतच नाही. एकदा वामनराव मला काहीतरी सांगायला आले आणि ती घडी उलगडत उभे राहिले. शेवटपर्यंत गेले, मग पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, "सर, काही काम होतं?" तर म्हणाले, "थांबा हो, मलकापूर येऊ द्या."

तर गेल्या महिन्यात निवृत्तीच्या आधी पुस्तकांची पडताळणी झाली. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का असतो आणि आत कुठेतरी, ठरलेल्या एका पानावर, दुसरा. त्याला आम्ही गुप्त पान म्हणतो. चोराने पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते आतल्या पानावरून कळतं. पडताळणी करणाऱ्यांनी माझं कपाट उघडलं, पुस्तकं उलटीपालटी केली आणि विचारलं, "शिक्के?"

एकावरही नाही. मी मारलेच नाहीत. निशिगंधाच्या घाटात जांभळा गोल शिक्का कुठे मारू? दरीत? तेव्हा ते मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. आता समितीचं म्हणणं असं की, ज्यावर शिक्का नाही ते पुस्तक ग्रंथालयाचं नाही, आणि जे ग्रंथालयाचं नाही ते मार्चअखेर काढून टाका. नियमाने त्यांचं बरोबर आहे. वामनराव पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलले. "मॅडम, असतील नसतील त्या सगळ्यांवर शिक्के मारा आणि मोकळ्या व्हा."

पण आता असं परस्पर मारणं मला पटेना. म्हणून मी पुस्तक करणाऱ्या प्रत्येकाला फोन केला. पुस्तक परत घेता, की शिक्का मारू? कडूबा हसायलाच लागला. "मॅडम, माह्या बारदानावर आधीच शेतकी संघाचा शिक्का हाय, व्यापाऱ्याचा हाय, तुमचाही मारा की! कुठं मारता ते मात्र पाहून मारजा." निशिगंधाने जागा सांगितली: घाट संपतो तिथे, शेवटच्या तिकिटाच्या मागे. एकानेही पुस्तक परत मागितलं नाही. सगळ्या पुस्तकांवर शिक्के झाले. ती आता कुणालाही काढून टाकता येणार नाहीत.

उरलं एक.

तुला दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. मग तुझ्या स्टुडिओतून धवल नावाच्या मुलाचा ई-मेल आला. फार सभ्य भाषा. मे महिन्यात दिल्लीला तुझं मोठं प्रदर्शन आहे, आजवरचं सगळं काम एकत्र. त्यात पहिलं पुस्तक म्हणून 'हात' ठेवायचं आहे. शिक्का मारू नये, पुस्तक जपून पाठवावं, प्रदर्शनाआधी तज्ज्ञांकडून त्यावरचे 'हाताळणीचे डाग' धुऊन काढून ते मूळ स्वरूपात आणलं जाईल.

प्रदर्शनाचं वाचून किती आनंद झाला ते कागदावर सांगता येत नाही. स्टाफरूममध्ये पेढे वाटले, चिखलीहून मागवून.

पुस्तक पाठवायला माझी हरकत असूच शकत नाही. शिक्का नाही म्हणजे ते तुझंच आहे. मी ते पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं, वर पत्ता लिहिला आणि पुन्हा बाहेर काढलं. तीनदा असं झालं. कारण ते डाग.

काही वर्षांपूर्वी त्या हिवाळ्यात तू आलीस, मुलांसमोर पुस्तक उघडलंस आणि तुझा चेहरा उतरला. "मी तुम्हाला हे सांभाळायला दिलं होतं, त्याला हात पुसायला नाही," असं म्हणालीस. मी म्हटलं, "उघडलेलं पुस्तक मळतंच." एवढंच म्हटलं. तू निघून गेलीस, आणि त्यानंतर ग्रंथालयाची पायरी चढली नाहीस. मी तेव्हा आणखी काही बोलू शकले असते, पण ती गोष्ट सांगायचा अधिकार माझा नव्हता. अजूनही नाही.

तो मागायला मला एका ठिकाणी जायला हवं. पत्र इथे थांबवते.

*

गुरुवार, १२ मार्च

काल अमडापूरला गेले होते. तुमच्या घरी.

दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. तुझा भाऊ शेखर शेतात होता. तुझी आई ओट्यावर मेथी खुडत बसली होती. गुडघ्यांनी पार दगा दिला आहे, हातांची बोटं वाकडी झाली आहेत, पण मला फाटकातून पाहिल्या पाहिल्या म्हणाली, "मॅडमबाई! काऊन आल्या? मी काई मेली-बिली नाई."

मी म्हटलं, "अन्नपूर्णाबाई, तुमचं पुस्तक धुवायला चाललंय."

"कोन धुऊन राह्यलं?"

"तुमची लेक. दिल्लीला."

त्यावर ती इतकी हसली की मांडीवरची जुडी खाली सांडली. "लहानपनी आंघोळीले धरली त गावभर पळे. आता मले धुवाले निघाली काय!"

रेवती, आता नीट लिहिते, कारण मला परवानगी मिळाली आहे.

तू बडोद्याला शिकायला निघालीस त्या आठवड्यात तुमच्या घरी काय झालं ते तू मला तेव्हा सांगितलं होतंस. आईचा हात धरून, त्याला छपाईची निळी शाई फासून तू मांजरपाटाच्या पानांवर ठसे घेतलेस. भाकरी थापणारा पंजा, खुडणारी चिमूट, मूठ. शेवटच्या पानाला तिने हात हिसकून घेतला. त्या पानावर नुसती चार बोटं ओढली गेली आहेत, तळवा नाहीच. मुलं सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर थांबतात. हात हिसकून घेताना ती म्हणाली होती, "तुह्या या पुस्तकाले मी कधी हात लावला त माह्या बापाचं नाव लावनार नाई."

तू गेल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी ती आली. आपल्या वसतिगृहाच्या मेसला भाजी घालायला यायची ना, टोपली रिकामी करून ती सरळ ग्रंथालयाच्या दारात उभी राहिली. "ते पोरीचं हाय म्हनते ना इथं काईतरी?" मी पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. नियमाप्रमाणे हात धुवायला सांगितलं. कोपऱ्यातल्या बेसिनवर तिने ते कोपरापर्यंत धुतले. पण मेथी, वांगी, मिरची खुडून बोटांत बसलेला रंग साबणाला दाद देत नाही, आणि टॉवेल पांढरा आहे म्हणून ती पुसायला लाजली. ओल्या हातानेच बसली. पहिलं पान उघडलं आणि ठशावर आपला पंजा ठेवून पाहिला. बरोबर बसला. मग दुसरा.

त्यानंतर दर भाजीच्या खेपेला. काही वर्षांनी म्हणाली, "आता बसत नाई हो. बोटं वाकली." तरी ठेवायची.

मी तिला थांबवलं नाही. माझी बाकीची नोकरी मुलांना हेच सांगण्यात गेली की हे पुस्तक हाताने वाचायचं असतं. जी खरोखरच तसं वाचत होती, तिला मी काय सांगणार? तिने फक्त एक वचन घेतलं, तुला कळू द्यायचं नाही. "नाईतर म्हनीन, माय खोटी पडली." फोनवर तुम्ही दोघी तब्येत बोलता, पाऊस बोलता, सोयाबीनचा भाव बोलता, हे शेखरकडून कळायचं. पुस्तकाचं दोघीही काढत नाही.

पुस्तक आलं की एकदा नीट बघ. मुलांच्या हाताळणीचे डाग पानाच्या कडेला असतात, जिथे उलटायला बोट लागतं. तुझ्या पुस्तकाच्या कडा अजून बऱ्यापैकी स्वच्छ आहेत. डाग मधोमध आहेत, ठशांवर. आणि शेवटच्या पानावर, जिथे तळवा आलाच नव्हता, तिथे आता तो आहे. फिक्का, तपकिरी, थोडा वाकडा. बरीच वर्षं लागली त्याला उमटायला.

तुझे तज्ज्ञ तो काढू शकतील, याबद्दल मला शंका नाही. काढायचा का, हे तुझं तू ठरवायचंस. पुस्तक तुझं आहे आणि प्रदर्शनही तुझं.

मी तुझ्या आईला विचारलं, "मग आता सांगू का तिला?"

ती पुन्हा मेथी खुडायला लागली होती. "सांगा. बापाचं नाव जाते त जाऊ द्या, तो कुठं पाहाले हाय आता." मग खुडलेली काडी बाजूला टाकून म्हणाली, "पन तिले एक सांगजा. मी दरवेळी हात धुऊनच लावत होती."

ते सांगितलं.

आता मी काय केलं ते सांगते. पुस्तक मी पिशवीत घालून बरोबर नेलं होतं. कपाटातली पुस्तकं घरी न्यायला देत नाहीत, हा माझाच नियम आहे. पण समितीने लेखी दिलं आहे की ज्यावर शिक्का नाही ते पुस्तक ग्रंथालयाचं नाही, तेव्हा त्याला ग्रंथालयाचा नियम लागू होत नाही. वामनरावांना हे ऐकवलं तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." म्हणजे हरकत नाही.

तर मी अन्नपूर्णाबाईंच्या नावाचं वाचक-कार्ड केलं. माझ्या हातचं शेवटचं कार्ड. सहीच्या जागी अंगठा हवा होता. मी शाईची डबी उघडली तशी म्हणाली, "पुन्हा शाई? मायलेकीसारख्या झाल्या तुमी दोघी." पण हात पुढे केला. दाबला, आणि मी सोडेपर्यंत काढून घेतला नाही.

तेव्हा 'हात' आता ग्रंथालयात नाही, कपाटात नाही, खोक्यातही नाही. ते वाचकाकडे आहे. ओट्यावरच्या खोलीत, फळीवर, डब्यांच्या रांगेत. धवलला तसं कळव, म्हणजे तो कुरिअरची माणसं इकडे पाठवणार नाही. पाठवली तरी ती त्यांना देणार नाही, हे मी तिच्या तोंडून ऐकून आले आहे. "ज्याचं पुस्तक त्यानं यावं," असं म्हणाली.

शिक्का ३१ तारखेपर्यंत माझ्या ताब्यात आहे. मारायचा की नाही, मारायचा तर कुठे, ते तू तिच्याकडून पुस्तक मागून आणशील तेव्हा बोलू. बुलढाण्याहून सकाळची चिखलीमार्गे जाणारी खामगाव गाडी अमडापूरला थांबते. जाण्याआधी हात धुऊन जा.

तुझी,
३१ तारखेपर्यंत ग्रंथपाल आणि नंतर नुसतीच,
प्रतिमा