आंघोळीच्या खटल्यातून सुटल्यावर

मी, रतनबाई छगन ठुबे, वय ७१, राहणार वरची वस्ती, जि. अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही; मागच्या महिन्यापासून कोर्टाचाही नाही. म्हणून माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते.

१. राहते घर मुलगा हर्षल व सून राजनंदिनी यांना समान हक्काने. उताऱ्यावर सुनेचे नाव लागलेच पाहिजे.

२. घरामागचे रान हर्षलला. तिथल्या, नंतर घेतलेल्या बोअरचे पाणी शेजारीण अख्तरी शेख हिच्या घराला कायम द्यावे. पाण्याचा टँकर बंद झाला त्या उन्हाळ्यात तहसील कचेरीकडून अर्जांना उत्तर येईना, तेव्हा तीच म्हणाली, "आक्का, कचेरीच्या नळाला पानी हाय की. पोरं तिथंच न्हाऊ घालू." आम्ही बायका बादल्या, साबण घेऊन गेलो आणि कचेरीच्या आवारात पोरांना चोळून आंघोळी घातल्या. साहेब ओरडले, "ही काय जागा आहे?" अख्तरी म्हणाली, "जागा न्हाई सायेब, पानी बघून आलोय." संध्याकाळी टँकर आला. आमच्यावर गुन्हाही दाखल झाला.

३. सामाईक विहिरीतला माझा हिस्सा दीर काकासाहेब यांना. ते माझ्याशी बोलत नाहीत, तरीही. खटला चालू असताना पुण्याहून निकिता नावाची मुलगी आली. लोक आंदोलनात किती उतरतात, हे ती घरोघर विचारून मोजत होती. सह्यांची मोहीम, मोर्चा, धरणे, बहिष्कार. प्रत्येकाला दीर ओट्यावरून "न्हाई" म्हणत होते. "आमच्या घरच्या बाया असल्यात नसतात." हर्षलची नोकरी अडेल, ही भीती मलाही होती. पण ऐकवेना. मी बाहेर आले.

"पोरी, माझं मला इचार. मी कचेरीत पोरं न्हाऊ घातली."

तिने कागद चाळले. "आजी, हे यात नाही."

"मग लिही. झालंय ते."

तिने लिहिले. दीर उठून गेले. हर्षलला नोकरी पुढे लागलीच.

४. कोर्टाच्या तारखांना नेसायचे निळे पातळ कोणी जपून ठेवू नये. फाडून पुसायला घ्यावे. निर्दोष सुटल्यावर अख्तरी कोर्टाच्या पायरीवर बसून हसत सुटली. मी घरी येऊन पोटभर जेवले आणि दुपारीच गाढ झोपले.

५. माझ्या दहाव्याला अख्तरीला घरच्या बायकांत बसवावे. कोणी नाक मुरडल्यास त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

वरील मजकूर हर्षलने वाचून दाखवला, मला पटला. साक्षीदारांसमोर सही करते. आता जीव हलका आहे.

सही: रतनबाई छगन ठुबे

साक्षीदार:
१. गोरक्षनाथ औटी (सही)
२. उझ्मा तांबोळी (सही)

ठिकाण: वरची वस्ती
दिनांक: १२ जानेवारी २०२६