पाव तासाचं अंतर

प्वेर्तो चाकाबुको,
८ जानेवारी १९९४

ती. नोल्फाआत्यास,
यास्नाचा शि. सा. न. वि. वि.

पदवी मिळाली, आता परीक्षा बोटीवर! बाबा चालवतात त्याच बोटीवर प्रवाशांना हिमनदीची माहिती सांगते आहे. तीन फेऱ्या पाहून मालक ठरवणार, मला ठेवायचं की नाही. पहिली फेरी फसली. हिमनदी मागे हटते आहे, हे लोकांना कळायलाच हवं, म्हणून चाळीस मिनिटं बोलले. व्हिस्कीच्या पेल्यांत हिमनदीचा बर्फ घालतानाही आकडेच सांगत होते. बाबांनी नेहमीसारखं इंजिन बंद केलं, तरी मी सुरूच. तेवढ्यात पाठीमागे बर्फाचा कडा कोसळला. सगळ्यांनी पाहिला, मी सोडून! बाबा म्हणाले, कार्टे, हिमनदीसुद्धा कंटाळली. दुसऱ्या फेरीत घाबरून गप्पच बसले. आता एकच उरली. काय करू?

तुझी लाडकी,
यास्ना

चिलोए, १५ जानेवारी

चि. यास्नास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की चुलीवरचं कालवण करपलं. अगं, तुझे आजोबा सुरूची लाकडं आणायला तुमची बोट जाते त्याच खाड्यांत जायचे. वल्ही वर घेऊन आधी बर्फाचा आवाज ऐकायचे, मगच आत शिरायचे. तुझा बाप इंजिन बंद करतो ते त्यामुळे. तिथे तोंड उघडू नकोस, पण वाटेत जरूर बोल. आणि बर्फ पूर्वी कुठवर होता, ते त्या घुम्यालाच विचार की! तो तिथेच म्हातारा झालाय.

जेवत जा. माया आहेच.
नोल्फाआत्या

प्वेर्तो चाकाबुको,
२ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

विचारलं. बाबा इंजिनाला तेल घालत राहिले. पण तिसऱ्या फेरीत एका खडकाशी त्यांनी बोट थांबवली आणि आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात घेतला. म्हणाले, ही पोर जन्मली त्या वर्षी मी इथून बोटीच्या लांब आकडीनं बर्फाला टोक लावलं होतं. एवढंच बोलून बोट पुढे काढली. बर्फ गाठायला पाव तास लागला. त्या पाव तासात कुणी फोटोसुद्धा काढला नाही.

मालकांनी मला कायम केलं! बाबांनी दर फेरीला बोलावं म्हणून ते मागे लागले, पण बाबांनी साफ नकार दिला. बोट मी थांबवीन, सांगायचं काम शिकलेल्या पोरीचं, म्हणाले. म्हणून आता त्या खडकाशी ते वाक्य मी म्हणते. मग सगळे बर्फाकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघतात आणि मनातल्या मनात माझं वय मोजतात.

तुझ्या मायेची भुकेली,
यास्ना