वाढत्या मापाचं इंजेक्शन किट

२५ ऑगस्ट, सोमवार
धाकट्या निशाची नोकरीची ऑर्डर आली. सोयगावच्या तहसील कार्यालयात महसूल सहायक. १५ सप्टेंबरला हजर व्हायचं. बाबा म्हणाले, तीस वर्षं जीपमधून साहेबांना पोचवलं, आता माझी लेक माझ्या गाडीतून ऑफिसला उतरंल. मागच्या सीटवरून.
गाडी १९९५ची. चढ लागला की गुदमरते. गोकुळ मिस्तरी बघून म्हणाला, "कार्बोरेटरमध्ये कचरा हाय, ताई. चहा होईपर्यंत साफ करतो." फुंकर मारून इलाज करणारा माणूस! पेट्रोल आणि हवा अंदाजानं मिसळणारं यंत्र या काळात ठेवायचं कशाला? फ्युएल इंजेक्शन बसवू. पेट्रोल कॉम्प्युटर मोजून देईल. घरात शिकलेली पहिली मी. निवड माझी.

२९ ऑगस्ट
अकरा किट, सव्वीस निकष, एक्सेल शीट. निशा म्हणाली, "ताई, गाडीला परीक्षेला बसवतीस का?" असल्यांना नोकरीत घेणाऱ्या सरकारची कीव आली. गोकुळ पुन्हा विचारायला आला. बाबांनी त्याला परत पाठवलं. "ताईचं वाचून होऊ दे." शिक्षणाची किंमत या गल्लीत एकट्या बाबांना कळते.
सगळं तिसऱ्यांदा वाचलं. चूक नाही.

२ सप्टेंबर
ठरलं. विक्रेत्याला फोन केला. इंजिन आठशे सीसी म्हटल्यावर तो म्हणाला, मग सगळ्यात लहान घ्या. हे लोक आजच्यापुरतं बघतात. आमच्या घरी शाळेचा ड्रेसदेखील वाढत्या मापाचा घ्यायचे. सहावीतला मी नववीपर्यंत घातला. दोन नंबर मोठं मागवलं.
जुना कार्बोरेटर परत दिल्यास सूट. मुदत पंधरा दिवस. मी आजच गोकुळकडून काढून घेतला आणि कुरियर केला. तो म्हणाला, "नवं येऊ तर द्या." असल्या भित्र्यांमुळेच प्रगती अडते.

९ सप्टेंबर
किट आलं. त्याचं तोंड डब्याएवढं, इंजिनचं चहाच्या कपाएवढं. गोकुळ म्हणाला, "हे ट्रकला बसंल. गाडी काय वाढती व्हय, ताई?" टोमण्याला शिक्षण लागत नाही. मध्ये लोखंडी प्लेट टाकू. वाळूजच्या कारखान्यातून बनवून आणते.

११ सप्टेंबर
प्लेट बसली. बॉनेट बंद होत नाही. शिवाय नवीन पंपासाठी पेट्रोलच्या टाकीला भोक पाडावं लागतं. पान ४१. हे वाचलं होतं. ती टाकी आपली, हे लक्षात आलं नव्हतं.

१३ सप्टेंबर, शनिवार
जुना कार्बोरेटर परत मागितला. भंगारात गेला. विक्रेता म्हणाला, "मॅडम, इतक्या लवकर कुणीच पाठवत नाही." कौतुक म्हणून नोंद.
गोकुळ दिवसभर जुन्या पार्टची दुकानं हिंडला. मिळाला नाही. भाड्याची गाडी करू, असं मी सुचवलं. बाबा नको म्हणाले. भाड्याच्या गाडीचं दार तिचा ड्रायव्हर उघडणार. मग फडकं घेऊन ते आपली गाडी पुसत बसले. मला एकदाही रागावले नाहीत. म्हणाले, "तू वाचलं ना? मग असंल काहीतरी कारण."
रागावले असते तर उत्तर तयार होतं.

१५ सप्टेंबर
निशा आणि बाबा पहिल्या एसटीनं गेले. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.
दुपारी निशाचा फोन. हजर झाली. स्टँडवर बाबा तिच्या आधी उतरले आणि एसटीचं दार धरून ताठ उभे राहिले. साहेब उतरताना राहायचे तसे. ती उतरली तरी दार सोडेनात. आत बायका, पिशव्या, खोळंबा. कंडक्टर ओरडला, "ओ काका, सरका की! गाडी काय तुमची हाय व्हय?"
बाबा नाही म्हणाले आणि सरकले.