तीन बोटं

परळ, मुंबई
फेब्रुवारी १९५७

सुंदरावहिनीस धाकटा दीर भागुराम याचा मनापासून जयभीम.

तार मुद्दाम केली नाही, तार बघून आई घाबरली असती. दादाला इस्पितळात ठेवलं आहे. दुखणं दाढेचंच आहे, पण तिचा पू गळ्यात उतरून सूज आली आहे. पेनिसिलीनच्या सुया चालू आहेत.

दाढ आधीपासूनच ठणकत होती. शिवाजी पार्कच्या सभेहून आला तो घोगऱ्या आवाजाने, पाणीही गिळवेना. खोलीतले सगळे हसले. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देऊन घसा बसला, म्हणाले. आम्ही त्याला हळद-दूध पाजत बसलो. सकाळी हनुवटीखाली दगडासारखं घट्ट लागलं, तेव्हा उचलून नेला.

डॉक्टर भले आहेत. रोज दादाला तोंड उघडायला सांगतात आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये आपली बोटं घालून बघतात. तीन बोटं मावली की धोका टळला, असं त्यांनी मला समजावलं. पहिल्या दिवशी दोन मावली. काल एकही शिरेना.

बोलता येत नाही, म्हणून काल डोक्यावर बोटांची शिंगं करून त्याने म्हशीचं विचारलं. व्याली का हो?

आज डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलंच नाही. घरून कोण येणार आहे, एवढंच विचारलं.

तुम्ही काळजी करू नका. आईला दाढ काढली म्हणून सांगा आणि पत्र मिळताच निघा. येताना दोन्ही पोरांना बरोबर आणा.

तुमचा
भागुराम