डाव्या ब्रेकची गाडी व माझी इतर चीजवस्तू यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, मोटार शिकवण्याची शाळा चालवणाऱ्या मालकांची पत्नी, त्यांच्यामागे उरलेली, आणि स्वतःही शिकवणारी, वय सत्त्याहत्तर, शिक्षण चौथीपर्यंत, पूर्ण शुद्धीत राहून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. लावली असती तर बरं वाटलं असतं, पण ते जाऊ द्या. प्रकृती ठणठणीत आहे, जायची घाई नाही. वकील म्हणाले, "आजी, मन शांत असताना लिहा." शांत कसलं, परवापासून अंगावर मूठभर मांस चढलंय. तरी लिहिते. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात गाडीची वाट चुकीची लावली होती.

पहिलं, राहतं घर. ते मुलाला आणि सुनेला मिळून, दोघांच्या नावाने. पुढच्या खोलीत शाळेची कचेरी होती, तिथला रस्त्याच्या खुणांचा तक्ता उतरवू नये. मागे भिंतीला ओल आहे.

दुसरं, गळ्यातली सोन्याची साखळी नातीला. मोडून नवी करायची असेल तर खुशाल करावी, मला विचारायला येऊ नये.

तिसरं, मालकांची पान्यांची पेटी चिरंजीवाला. त्याला पाना कुठला आणि पक्कड कुठली हे अजून कळत नाही. बापाची आठवण म्हणून ठेवावी, वापरू नये.

चौथं, कोपऱ्यावरचा दुकानदार. हा माझ्याकडे गाडी शिकला. माझ्या शेजारी बसून घामाने निथळायचा. आणि आता लोकांना सांगतो, "मी मालकांकडे शिकलो." बाईकडे शिकलो म्हणायला जीभ जड होते. त्याला मी शिकाऊ गाडीला लावायची 'एल' अक्षराची लाल पाटी देते. त्याला तिची अजून गरज आहे. त्याचं स्कूटर लावणं बघून मी हे लिहिते.

पाचवं, गाडी. इथे जरा वेळ लागेल.

गाडी काळी, गोल पाठीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. आम्ही घेतली तेव्हाच जुनी होती, आता तर लोक थांबून बघतात. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक बसवतात, शिकवणाऱ्याच्या पायाखाली. शिकणारा गांगरला की आपण दाबायचा. बायका शिकायला यायला लागल्या तेव्हा मालकांनी मला डावीकडे बसवलं, आणि मी निम्मं गाव त्या ब्रेकवर शिकवलं. मला ब्रेकबाई म्हणतात ते त्यामुळेच. आमचा संसारही तसाच झाला. चालवला त्यांनी, ब्रेक माझ्या पायाखाली होता.

चिरंजीवाच्या मनात गाडी अगदी नव्यासारखी करून जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात उभी करायची होती. हौसेला मोल नसतं, मी नावं ठेवत नाही. त्याने एक पारखी बोलावला. केस पांढरे, गुडघे दुखरे, बोलणं तोलूनमापून. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक त्याने चारी दारांवरून फिरवलं. एका दाराला ते चिकटेना. म्हणाला, "इथे पत्रा कमी, पुट्टी जास्त." खरं होतं. त्या दाराने आमच्या फाटकाचा बराच मार खाल्लाय. पायाखालची चटई उचलून स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तो आरपार गेला. ऑइल दोन बोटांत चोळून वास घेतला, तान्ह्या बाळाची टाळू हुंगावी तसा. इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून बघितला आणि पहिल्यांदा हसला. इंजिन जन्मापासूनचं आहे म्हणाला, काचाही. मग डाव्या ब्रेककडे बघून नाक मुरडलं. "हा कारखान्यातला नाही. याने किंमत उतरते."

"काढून टाकू," चिरंजीव लगेच म्हणाला.

"त्यापेक्षा माझा पाय काढ," मी म्हटलं.

पारख्याने हिशोब समजावून सांगितला. नव्यासारखी करायची तर पत्रा कापा, रंग काढा, नवा मारा, गाद्या, वायरिंग, इंजिन उघडा, आणि हे सगळं झाल्यावर गाडी जेवढ्याला जाईल त्याच्या दुप्पट खर्च. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! नुसती धड चालती करायची तर तळाचा पत्रा, ब्रेक, वायरिंग, टायर. ते झेपण्यासारखं. "आणि रंगाला हात लावू नका," तो म्हणाला. "ओरखड्यांसकट राहू दे. नवा रंग पैसे टाकले की मिळतो. हा कुठे मिळणार?"

पण चालत्या गाडीचा आवाज ऐकल्याशिवाय आकडा लिहून देणार नाही म्हणाला. मागच्या चाकांची घरघर मागे बसूनच ऐकू येते, म्हणून मुख्य ब्रेक दाबून, पकडतोय याची खात्री करून तो मागे बसला. चिरंजीव चाकाशी. गिअर टाकताना असा कर्कश आवाज काढला की पारखी कळवळून म्हणाला, "साहेब, खर्च वाढतोय." फाटकापर्यंत जाऊन गाडी बंद पडली.

सून दारात उभी होती, ती हसली.

इथे तिच्याबद्दल सांगायला हवं. लग्न झाल्यावर चिरंजीवाने तिला एकदाच शिकवायला नेलं आणि असा ओरडला की ती भर रस्त्यात उतरून पायी घरी आली. त्यानंतर चाकाला हात नाही. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. यंदा नदीपलीकडे नवी प्रयोगशाळा निघते आहे, तिची प्रमुख म्हणून हिला बोलावलंय. तिकडे बस जात नाही. होय की नाही ते महिनाअखेर कळवायचं होतं. चिरंजीव नको म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "अगं, पण तुला रोज सोडणार कोण?" तिने गुपचूप शिकाऊ परवाना काढला आणि तो कामावर गेला की माझ्याकडून मागच्या अंगणात पुढेमागे करायला शिकायला लागली. रस्त्यावर मात्र जाईना. मी म्हणायची, "चल, ब्रेक माझ्या पायाखाली आहे." ती म्हणायची, "पुढच्या आठवड्यात, आई."

तर ती हसली आणि चिरंजीव चिडला. "हसतेस काय? ये, तूच चालव!" ती नाही म्हणेल अशी त्याची खात्री होती. तिने ओढणी खोचली आणि येऊन बसली. मी डावीकडे चढले. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, फाटक उघडता ना?"

बाजारातून गेलो, पूल चढलो. उताराला एक हातगाडी एकदम आडवी आली. मी पाय दाणकन दाबला. गाडी अशी थांबली की मागे पारख्याचा चष्मासुद्धा हलला नाही. पॅडल जरा हलकं लागलं, पण मी म्हटलं, वा! या वयातही पायात केवढा जोर! घरी येऊन चिरंजीवासमोर फुशारकी मारली, "ब्रेकबाई होती म्हणून हातगाडीवाला वाचला." सुनेने मला पाणी आणून दिलं.

मग पारखी गाडीखाली शिरला. तिथूनच आवाज आला, "आजी, तुमचा ब्रेक कशाला जोडलाय?"

"कशाला म्हणजे? ब्रेकला!"

"जोडलेला नाही. दांडा गंजून गळून पडलाय. पॅडल नुसतं स्प्रिंगवर हलतंय. बरीच वर्षं झाली असतील."

"मग मघाशी गाडी थांबवली कोणी?"

सगळ्यांनी सुनेकडे बघितलं. ती बिचारी म्हणते कशी, "आई, तुम्ही शेजारी होतात म्हणून."

"डोंबल! मी हवेत लाथा मारत होते!"

मी अशी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. पारखी गाडीखाली हसत होता, त्याचे पाय हलत होते. चिरंजीवाने जाऊन फाटक लावलं. मग बायकोला म्हणाला, "क्लच छान सोडतेस." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे सोन्याचा घास. काल तिने नदीपलीकडे होय कळवलं.

म्हणून ही गाडी मी माझ्या सुनेला देते, एकटीला. मालकी मी गेल्यावर, वापर आजपासून. बँकेतली माझी सगळी ठेव गाडी धड चालती करण्याकडे लावावी. काम लगेच सुरू करावं, मी मरायची वाट बघू नये. रंगाला हात लावू नये. चिरंजीवाने ती सुट्टीच्या दिवशी धुवावी, पुसावी, प्रदर्शनातही उभी करावी, पण आधी बायकोला विचारावं.

पारख्याने लिहून दिलेल्या खर्चात 'डावा ब्रेक, नवा दांडा' अशी एक ओळ आहे. ती खोडावी. दांडा जोडू नये. पॅडल मात्र काढू नये. किंमत उतरली तर उतरू दे. शेजारी माझ्यासारखी कोणी बसली, तर तिला दाबायला काहीतरी हवं.

वर लिहिलं ते मी दोघा साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांच्यासमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

सही: ब्रेकबाई

साक्षीदार पहिला: जुन्या गाड्यांचा पारखी (यात माझ्या गुडघ्यांबद्दल लिहिलंय, तेवढं मला मान्य नाही.)

साक्षीदार दुसरी: शेजारची शिंपीण, माझ्याकडे गाडी शिकलेली, आणि तसं चारचौघांत सांगणारी

ठिकाण: घरची पुढची खोली
तारीख: गाडी पुलावर नेली त्याच्या तिसऱ्या दिवशी, गुरुवार